ओ-टू, जुना रिसीव्हर आणि दोन स्वभावांचे हेडफोन

ओ-टू हा मी जोडलेला हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर अखेर डब्यात बसला. नव्यांसाठी: टोपणनावाने लिहिणाऱ्या एका इंजिनिअरने 2011 मध्ये हा आराखडा खुला केला. आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे सिग्नल बाहेर पडताना अ‍ॅम्पचा स्वतःचा अडथळा, जेमतेम अर्धा ओहम. याला एसी अ‍ॅडॉप्टर लागतो, बाजारात मात्र बहुतेक डीसीच. म्हणून कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका वाइंडिंगवाल्यांकडून 15 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर भरून घेतला. एरवी पंपाच्या मोटारी भरणारा माणूस. "एवढुशावर काय चालवणार?" म्हणाले, पण काम नादखुळा केलं. नुसता तानपुरा लावून ऐकला, मेन्सची गुणगुण कुठेच नाही.

आता तुलना. समोर जुना स्टिरीओ रिसीव्हर. त्याच्या हेडफोन सॉकेटला स्पीकर आउटपुटमधूनच 330 ओहमचा रेझिस्टर घालून सिग्नल दिलाय. ऐकायला माझा सेनहायझर एचडी 600 आणि राजारामपुरीतल्या मित्राचा हायफायमॅन सुंदरा.

आधी आवाज जुळवला, नाहीतर जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. साधे मल्टिमीटर 400 हर्ट्झपुढे भरवशाचे नसतात, म्हणून 400 चाच टोन लावला. मोजताना हेडफोन जोडलेलाच हवा. मोकळ्या सॉकेटवर रिसीव्हरचा आकडा भलताच येतो. अर्ध्या व्होल्टला पाच-सहा मिलिव्होल्टचा फरक म्हणजे 0.1 डेसिबल. त्याच्या आत आणलं की बास.

एचडी 600 वर फरक लगेच कळला. रिसीव्हरवर डग्गा फुगतो. कारण सरळ आहे: याचा इम्पीडन्स नावाला 300 ओहम, पण 100 हर्ट्झच्या आसपास 500 च्या घरात जातो. 330 ओहमच्या रेझिस्टरशी व्होल्ट वाटून घेताना जास्त ओहमच्या त्या पट्ट्याला सुमारे 2 डेसिबल जास्त मिळतात. ओ-टूवर घुमक आटोपशीर, ख्याल गायकीत आवाज पुढे येतो. मित्राला मात्र रिसीव्हरच "लई भारी" वाटला. वाटू दे, तो रेझिस्टरचा मसाला आहे, ट्रान्झिस्टरचा गुण नव्हे.

सुंदरा प्लेनार (सपाट पडद्याचा), इम्पीडन्स सगळ्या सुरांना 37 ओहम. रिसीव्हरवर त्याचा सूर बदलत नाही, फक्त 20 डेसिबल जिरतात. आवाज जुळवल्यावर मला दोन्हींत फरक ओळखता आला नाही, आणि कुणी ओळखतो म्हणाला तर डोळे बांधून बसवीन.

ताकदीचा हिशोब इथे उलटा आहे. 110 डेसिबलला एचडी 600 मागतो साधारण 2.4 व्होल्ट, पण 8 मिलिअँपिअरच. सुंदराला 1.2 व्होल्ट पुरतात, करंट मात्र 33. म्हणजे "अवघड हेडफोन" म्हणताना व्होल्टला अवघड की करंटला, हे आधी विचारायचं. ओ-टूला दोन्ही झेपतात.

डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा) 2 व्होल्टचा असेल तर ओ-टूचं 6.5 पट गेन, म्हणजे सिग्नल तेवढ्या पट वाढवणं, वापरू नका. त्यात गेन आधी आणि व्हॉल्यूमची घुंडी नंतर आहे, त्यामुळे इनपुट 1.1 व्होल्टच्या वर गेलं की घुंडी कितीही खाली असो, क्लिपिंग (सिग्नलची टोकं छाटली जाणं) होणारच. 2.5 पटीवर अडचण नाही. पण सुंदराला तेही जास्त होतं: रात्री हळू ऐकताना घुंडी अगदी तळाशी राहते आणि तिथे डावा-उजवा सारखा वाजत नाही. पुढच्या रविवारी गेनचे रेझिस्टर काढून गेनच्या बटणाच्या एका बाजूला एकपट करतोय. एचडी 600 साठी 2.5 तसंच ठेवणार.