गॅलरी-वही, पान ३१: काकांचं भिंग

या शनिवारी मुंबईत चित्रांच्या चारच गॅलऱ्या बघून झाल्या. वर्षभरापूर्वी अशाच एका दिवसात नऊ केल्या होत्या आणि रात्री ठाण्याला उतरेपर्यंत त्यांतलं एकही चित्र धड आठवत नव्हतं. तेव्हापासून नियम केलाय: फोन पिशवीत, आणि प्रत्येक ठिकाणचं एकच चित्र पेन्सिलीनं वहीत काढायचं.

या खेपेला शेजारचे काका सोबत होते. ऑफसेट छपाईत ३१ वर्षं काढलेला माणूस. "अगं, मला चित्रातलं काय कळतंय," असं तलावपाळीपासून स्टेशनपर्यंत चारदा म्हणून झालं. रविवारी बहुतेक खासगी गॅलऱ्या बंद असतात म्हणून शनिवार, आणि अकराच्या आत जाऊन उपयोग नसतो म्हणून निवांत निघालो.

आधी एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. १९११ साली बांधलेल्या कावसजी जहांगीर हॉलच्या पोटात १९९६ पासून हे संग्रहालय आहे. पाय ताजे असतात तोवर थेट घुमटापर्यंत चढायचं आणि बघत बघत खाली यायचं, ही माझी पद्धत. समोर जहांगीर आर्ट गॅलरी. तिथे चित्रकार स्वतः हॉलमध्ये बसलेला असतो. आपण एखाद्या चित्रापाशी रेंगाळलो की तोही उठून येतो. आपल्याकडे ठाण्यात कापूरबावडीच्या कलाभवनातही असंच होतं, पण तिथे मला संकोच वाटत नाही. जहांगीरमध्ये अजून वाटतो. याच इमारतीत वरच्या मजल्यावर १९६३ साली केकू आणि खोर्शेद गांधी यांनी गॅलरी केमोल्ड सुरू केली. २००७ मध्ये ती फोर्टातल्या प्रेस्कॉट रोडला गेली, म्हणून मग आम्हीही तिकडे. एवढ्या मोकळ्या भिंती बघून काकांचा पहिला प्रश्न: "भाडं किती असेल गं?"

खरी गंमत कुलाब्यात. ताजच्या मागच्या गल्ल्यांतल्या गॅलऱ्या जुन्या इमारतींत वर असतात. पाटी लहान, बेल वाजवावी लागते. पहिल्या वर्षी मी एका जिन्याखालूनच परत फिरले होते, हे इथे कबूल करून टाकते. आत जायला पैसे नाहीत, कुणी काही विकत घ्या म्हणत नाही, तरी पाय उचलत नव्हता.

या खेपेला वर गेलो. आत मुद्राचित्रं, म्हणजे चित्रकारानं ठसा घेऊन छापलेली चित्रं, लागली होती. काकांनी खिशातून भिंग काढलं. गॅलरीतली मुलगी टेबलामागून उठली, पण काकांनी ते काचेला न टेकवता धरलंय हे पाहून परत बसली. पुढचा अर्धा तास त्यांनी माझी शाळा घेतली. ऑफसेटच्या चार रंगांच्या छपाईत भिंगाखाली ठिपक्यांची फुलं दिसतात. इथे ती नव्हती. सपाट रंग, कागदावर किंचित जाड बसलेला, म्हणजे स्क्रीनप्रिंट, ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापलेलं. शेजारच्या एचिंगभोवती (धातूच्या प्लेटवर आम्लानं कोरून छापलेलं चित्र) प्लेट दाबली गेल्याचा चौकोन त्यांनी मला तिरक्या उजेडात दाखवला. खाली डावीकडे पेन्सिलीनं ७/२५ लिहिलं होतं, म्हणजे पंचवीस प्रतींतली सातवी. एवढं मला माहीत होतं, तेवढीच माझी अब्रू.

मग एका चित्रापाशी काका थबकले. निळा आणि तांबडा, दोनच रंग. "रजिस्टर हललंय, रंग एकमेकांशी नीट जुळलेले नाहीत. आमच्याकडे हा माल परत आला असता." मी म्हटलं, मुद्दाम असेल. "मुद्दाम असेल तर सगळीकडे सारखं हलेल. इथे वरच्या कोपऱ्यात बरोबर जुळलंय." म्हणजे कागद ताणला गेला? की त्या कोपऱ्यापुरता निळा वेगळ्या स्क्रीननं घेतलाय? वीस मिनिटं उभे राहिलो. इतका वेळ एका चित्रासमोर मी आजवर उभी राहिलेले नाही.

पाचव्या गॅलरीत शिडी लावून मांडणी चालू होती, दारातूनच परतलो. आधी चौकशी करायला हवी होती.

परतीच्या लोकलमध्ये भायखळ्याला बसायला मिळालं. काकांनी माझी वही मागून तेच चित्र मागच्या पानावर काढलं. मी गॅलरीत काढलेल्या चित्रात निळा तांबड्याच्या उजवीकडे सरकलाय, त्यांच्यात डावीकडे. मुलुंडपर्यंत वाद. फोटो अर्थातच नाही. प्रदर्शन महिनाअखेरपर्यंत आहे. पुढच्या शनिवारी फक्त तेवढ्यासाठी जायचं ठरलंय.