पत्र क्रमांक ४१
सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत मी बारनिशी सांभाळते. टपाल फोडायचं, आवक क्रमांक टाकायचा, ज्या त्या टेबलाला पाठवायचं. त्या दिवशी एका जाड लिफाफ्यात पत्रावर पत्र टाचलेलं होतं. वर प्रांत कार्यालयाचं, खाली जिल्हाधिकाऱ्यांचं, त्याखाली मंत्रालयाचं, मग राष्ट्रपती सचिवालयाचं. सगळ्यांत एकच वाक्य, ‘पुढील उचित कार्यवाहीसाठी’. तळाशी फुलस्केपवर निळ्या शाईत मूळ अर्ज, डोक्यावर ‘पत्र क्रमांक ४१’.

अक्षर मी लगेच ओळखलं. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले हे काका २०१४ पासून लिहितायत. प्रणव मुखर्जींना, मग कोविंदांना, आता मुर्मूंना. ‘महोदय’चं ‘महोदया’ झालं, मागणी तीच राहिली. वडील गेल्यावर वारसनोंदीत आईचं नाव लागलं होतं. सातबारा कॉम्प्युटरवर आला तेव्हा तिन्ही मुलगे राहिले आणि आई गळाली.

राष्ट्रपतींनाच का, असं मी एकदा विचारलं होतं. “ताई, तिन्ही दलांचे सरसेनापती त्येच. जवानानं गाऱ्हाणं दुसऱ्या कुणाला सांगायचं?”

प्रत्येक पत्रावर ते ‘संविधान, अनुच्छेद ३५०’ लिहितात. मी पुस्तक काढून वाचलं. आपलं गाऱ्हाणं संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे. दिल्लीला मराठीत लिहून काय उपयोग, असं आमच्याकडे म्हणणाऱ्यांना मी ते पान दाखवलं.

आधीची पत्रंही अशीच फिरून आमच्याच टेबलावर आली होती. ‘प्रकरण कार्यवाहीत आहे’ असं वर कळवायचं, संदर्भ निकाली काढायचा आणि कागद दप्तरी दाखल. त्यातली दोन उत्तरं मी टाइप केलेली आहेत. कार्यवाही कुणीच करत नव्हतं. हे चूक होतं, आणि ते मला तेव्हाही कळत होतं.

या खेपेला दुसऱ्या पानावर एक ओळ जास्तीची होती, ‘आईला ९२ वर्षे पूर्ण झाली. तिला दिसते आहे तोवर तिचे नाव तिला दाखवायचे आहे.’

मी टपाल तसंच ठेवून अभिलेख कक्षात गेले. गावाच्या जुन्या कागदांचा रुमाल सोडला. वारसनोंदीच्या फेरफारात चार नावं स्वच्छ होती, पहिलं आईचं. मग जुना हस्तलिखित सातबारा उलगडला. पान मधोमध दुमडलेलं, आणि आईचं नाव नेमकं त्या घडीत. शाई विरून तिथे नुसती तपकिरी रेघ उरली होती. उजेडाकडे तिरपं धरल्यावर अक्षरं दिसली. उतरवून घेणाऱ्याला ती ओळ दिसलीच नसणार. शोधायला मला तासभरही लागला नाही. दहा वर्षांत तेवढा वेळ कुणी काढला नव्हता.

दोन्ही कागदांच्या प्रती लावून टिपणी लिहिली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १५५, लेखनप्रमाद म्हणजे लिहिण्यातल्या चुकीची दुरुस्ती. साहेबांनी वाचलं, हितसंबंधितांना नोटीस काढायला सांगितलं.

फोन केला तर काका दुपारच्या एसटीनं आलेच. पिशवीत आधीच्या चाळीसच्या चाळीस पत्रांच्या कार्बन प्रती, कडेला दोरा. मी माफी मागितली. ते म्हणाले, “महाराजांसाठी रंगो बापूजी विलायतेत चौदा वर्षं अर्ज देत बसले. माझी तर आई घरात हाय. मी का थकू?”

१८३९ साली इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं, त्याची दाद मागायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि रिकाम्या हातानं परतले. ते मला आठवलं, बोलले नाही.

नोटिशीची मुदत सांगितली. त्यांनी वहीत तारीख टिपली.

“मग बेचाळिसावं धाडू का नको?”

“धाडा,” मी म्हटलं, “आणि त्यात हा आजचा आवक क्रमांक घाला.” चिठ्ठीवर लिहून मी तो त्यांच्या हातात दिला.