एफ-वन दाबा

मे महिन्याच्या दुपारी सांगलीच्या हरभट रोडवर कुठे उगाच बसायचं असेल, तर आप्पांच्या छापखान्यात बसावं. भाच्याच्या मुंजीची पत्रिका छापायला टाकायची होती, म्हणून गेलो. लाईट नुकतीच आली होती. आप्पांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. मूळचा पांढरा, आता पिवळा पडलेला डबा. काळ्या पडद्यावर आकडे पळाले, मेमरी मोजून झाली, रिकाम्या फ्लॉपीच्या खणातून खर्रर्र आवाज आला, आणि मग इंग्रजीत सूचना उमटली: बॅटरी संपली आहे, पुढे जायचं तर एफ-वन दाबा. आप्पांनी पडद्याकडे न बघताच एफ-वन दाबलं.

"बस की," म्हणाले, "त्याला जरा दम घेऊ दे."

मला काही घाई नव्हती. तो खर्रर्र आवाज ऐकला की मी थेट विश्रामबागेतल्या क्लासमध्ये जातो. एका बंगल्याचा खालचा मजला, खिडक्यांना जाड पडदे, आणि एसी. आमच्यापैकी निम्मी मुलं एसीसाठीच यायची. चपला बाहेर काढायच्या. मोजेही काढायचे का, यावर सरांचं मत आठवड्याला बदलायचं. धुळीने कॉम्प्युटरला व्हायरस होतो, असं एका मुलाने छातीठोक सांगितलं होतं आणि आम्हा सगळ्यांना ते अगदी शास्त्रीय वाटलं होतं. एका मशीनवर दोघं. माझा जोडीदार मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्याचा मुलगा. त्याची बोटं कीबोर्डवर माझ्यापेक्षा जलद फिरायची, कारण घरी कॅल्क्युलेटर होता.

त्या एक्सटी मशीनना, म्हणजे आयबीएमच्या जुन्या धाटणीच्या कॉम्प्युटरांना, स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळच नव्हतं. सुरू केलं की हिरव्या अक्षरांत विचारायचं: आज मंगळवार, १ जानेवारी १९८०, नवी तारीख टाका. सर म्हणायचे, "एंटर मारा, पुढे चला." मग वेळ विचारायचं. पुन्हा एंटर. खरी तारीख टाकलेली मी कुणालाच पाहिलं नाही. त्यामुळे आमचे सगळे बेसिक भाषेतले प्रोग्रॅम, मूळ संख्या शोधणारे, व्याज काढणारे, हे आयबीएमचा पीसी बाजारात येण्याच्या आधीचे ठरले. तो आला १९८१ च्या ऑगस्टमध्ये.

१९८० च का, तर डॉस, म्हणजे त्या मशीनचा सगळा कारभार बघणारी प्रणाली, फाइलच्या तारखेतलं वर्ष सात बिटांत, शून्य-एकच्या सात घरांत, बसवतं आणि मोजणी तिथून सुरू करतं. सात बिटांत एकशे अठ्ठावीस वर्षं मावतात. म्हणजे २१०७ पर्यंत त्याची सोय झालेली आहे. आपली कुणी केलेली नाही.

दसऱ्याला त्या मशीनची पूजा व्हायची. मॉनिटरला झेंडूची माळ, कॅबिनेटवर हळदीकुंकू. पाण्याचा हात लावायचा नाही म्हणून सर कोरडंच कुंकू वाहायचे, आणि ते फ्लॉपीच्या फटीत सांडू नये म्हणून फटीवर पोस्टकार्ड धरायचे.

माझ्या घरी एक चारशे शहाऐंशी आहे, त्या एक्सटीच्या नंतरच्या पिढीतला कॉम्प्युटर. चालू स्थितीत. बायकोच्या मते भंगारवाल्याने दोनदा तोंड वाकडं केलेलं आहे. यावर जाणकार मला सांगतात, अहो, डॉसबॉक्स टाका ना, जुन्या डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम, नव्या लॅपटॉपवर सगळं चालतं. चालतं हे मलाही माहीत आहे. इंजिनिअरिंगची किती तरी पोरं प्रोग्रॅम लिहायच्या टर्बो सीची ती निळी खिडकी डॉसबॉक्समधूनच उघडत आली. पण त्यात वाट बघावी लागत नाही. टर्बोचं बटण नाही, जे दाबल्यावर पुढच्या काचेतला वेगाचा आकडा ६६ चा ३३ व्हायचा आणि जुना गेम माणसाच्या वेगाने खेळता यायचा. आणि बंद करताना 'पार्क' टाइप करावं लागत नाही. पूर्वीच्या हार्ड डिस्कचं हेड, म्हणजे तबकडी वाचणारी सुई म्हणा, असं हाताने बाजूला न्यावं लागे. माझ्या डिस्कचं आपोआप जातं, कसलीही गरज नाही. तरी मी टाकतो. देवळातून निघताना पायरीवर टेकतो, तसंच ते.

आप्पांचं मात्र असलं काही नाही. त्यांना जुन्याचं प्रेम नाही, मोबाइल दर दोन वर्षांनी बदलतात. विंडोज अठ्ठ्याण्णव आणि पानं जुळवायचा पेजमेकर त्यांनी ठेवलंय ते फॉन्टसाठी. त्या काळी मराठी अक्षराला कॉम्प्युटरात स्वतःची जागा नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या खुर्च्यांवर काना, मात्रा, वेलांटी बसवायच्या. प्रत्येक कंपनीची बसवण्याची तऱ्हा निराळी. सगळ्या लिप्यांना एकच ठरलेली जागा देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण विंडोजला ती यायला विंडोज २००० उजाडलं, आणि हरभट रोडला त्याहून उशीर. आप्पांची फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडली तर 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' या ओळीची जागा डॉलर, टक्के आणि कंस घेतात. कन्व्हर्टर आहेत. त्यातून जोडाक्षरं लंगडत बाहेर येतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळचं पाणी चढतंय म्हटल्यावर आप्पांनी पहिल्यांदा हे कॅबिनेट माळ्यावर नेलं. मग कागदाची रिमं. ऑफसेट मशीन कुठे हलणार, ते पाण्यात राहिलं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. हे डबडं वाचवून काय करणार.

डेस्कटॉप आला. मुंजीचा नमुना शोधायला आप्पांनी फोल्डर उघडलं. बॅटरी गेल्यापासून रोज सकाळी त्या मशीनमध्ये १ जानेवारी १९८० च उगवतो, त्यामुळे अलीकडच्या प्रत्येक फाइलपुढे तीच तारीख. लग्न, वास्तुशांत, दशक्रिया, दुकानाचं उद्‌घाटन, पुन्हा दशक्रिया. एकाच आडनावाच्या दोन फाइली खालीवर. आधीचं काय आणि नंतरचं काय, ते फक्त आप्पांना माहीत.

"सेल बसवून देऊ का?" मी विचारलं. बटणाएवढा असतो, कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडेही मिळतो.

"बघू," आप्पा म्हणाले. "खोलताना दुसरंच काही तरी निघायचं."

खाली सरकता सरकता आमच्या आडनावाची फाइल दिसली. ती बॅटरी जाण्याआधीची, तिच्यावर तारीख बरोबर होती. बाबांच्या दशक्रियेचं कार्ड. मजकूर मीच सांगितला होता, याच खुर्चीवर बसून. आप्पांनी त्यातलं एक विशेषण काढायला लावलं होतं, आणि मी ऐकलं होतं. छापलेलं एकही कार्ड आता घरात नाही. पद्धतच आहे, असली कार्डं कुणी ठेवत नाही.

"उघडू?" आप्पांनी विचारलं.

मी म्हटलं, आधी मुंजीचं बघू. गणपतीचं चित्र वरच्या बाजूला घ्या, आणि आजोबांच्या नावामागे 'कै.' लावायचं राहू देऊ नका.