रविवारी सही, सोमवारी गोल

१५ एप्रिल २०१९, सोमवार. अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगचे प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरचे बाद सामने. पहिली फेरी, कोलोरॅडो अ‍ॅव्हलाँच विरुद्ध कॅलगरी फ्लेम्स, तिसरी मॅच. मॅच डेन्व्हरला, मी अर्ध्या तासावर ऑरोराच्या घरी, मांडीवर पिठलं-भाताचं ताट. पहिल्याच पिरियडमध्ये ८ नंबरच्या एका कोवळ्या पोरानं पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती चकती, जाळ्यात घातला आणि ३-० झालं.

"हा कोण रे?"

"केल मकार, बाबा. पहिलीच मॅच आहे त्याची. कालच सही केली त्यानं." निनाद तेव्हा ११ वर्षांचा होता आणि असल्या गोष्टी त्याला शाळेच्या अभ्यासापेक्षा जास्त पाठ असायच्या.

घास हातातच राहिला. काल? खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत त्या वर्षी २५ फेब्रुवारीला संपलेली. म्हणजे दार बंद झाल्यावर ४८ दिवसांनी हा आत आला आणि वर गोल मारून गेला. "चोरी आहे ही," मी म्हणालो. आपलीच टीम जिंकत होती, तरी म्हणालो.

त्याला कारण आहे. मी खडकीचा. धनराज पिल्ले ज्या खडकीचा, तीच. आमच्या लहानपणी तिथं पोरगं चालायला लागलं की हातात स्टिक यायची. १९९४ साली एका स्थानिक स्पर्धेच्या फायनलला आम्ही पोहोचलो, आणि सकाळी मैदानावर बघतो तर समोरच्या टीममध्ये एक अनोळखी सेंटर हाफ पायाला पट्ट्या बांधत बसलेला. सेमीफायनलपर्यंत तो कुठंच नव्हता. खेळाडूंच्या यादीत बाकीची नावं निळ्या शाईत, त्याचं एकट्याचं काळ्या. आमचे कोच मामा टेबलापाशी जाऊन भांडले. "नाव आहे ना यादीत? मग खेळू द्या," असं उत्तर मिळालं. ०-४ हरलो. चारही गोल त्याच्या पासवरून. काळी शाई दिसली की मला अजून तो दिवस आठवतो.

तर त्या रात्री झोपायच्या आधी निनादनं मला समोर बसवून शिकवलं. लीगचा नियम सही कधी केली ते विचारतच नाही. मुदतीच्या दिवशी दुपारी ३ वाजता, न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे, तुझं नाव कोणत्या क्लबच्या राखीव यादीत, म्हणजे क्लबचा हक्क असलेल्या खेळाडूंच्या यादीत, होतं, एवढंच बघतो. मुदतीनंतरही क्लब खेळाडू घेऊ शकतात, तो उरलेल्या साखळी मॅचेस खेळूही शकतो; प्लेऑफला मात्र चालत नाही. नाहीतर मार्चमध्ये स्पर्धेबाहेर गेलेल्या टीमचे चांगले गडी श्रीमंत टीम एप्रिलच्या तोंडावर उचलून नेईल. खडकीत आमच्या नशिबी आलं तेच.

पण मकार त्या यादीत २०१७ पासून होता. ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीनं तरुण खेळाडू निवडतात तिथं, चौथ्या क्रमांकावर अ‍ॅव्हलाँचनं त्याला निवडला, तेव्हाच त्याचं नाव त्यांच्याकडे लागलं. मग तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दोन वर्षं खेळला. कॉलेजच्या पोरांना कॉलेजचा मोसम संपेपर्यंत व्यावसायिक करार करता येत नाही. शुक्रवारी त्याला कॉलेज हॉकीतला सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार मिळाला, शनिवारी बफेलोत तो फायनल हरला, रविवारी सही केली, सोमवारी डेन्व्हरला उतरला. आणि गंमत म्हणजे पोरगा जन्मानं कॅलगरीचा! स्वतःच्या गावाच्या टीमवर पहिला गोल.

म्हणजे शाई काळी होती, पण नाव जुनंच होतं. मी चोरी हा शब्द मागे घेतला.

असं पहिल्यांदा घडलं असंही नाही. २०१२ मध्ये क्रिस क्रायडर बोस्टन कॉलेजबरोबर विजेतेपद मिळवून थेट न्यूयॉर्क रेंजर्समध्ये आला आणि साखळीतली एकही मॅच न खेळता त्या प्लेऑफमध्ये ५ गोल मारून बसला. त्यालाही रेंजर्सनी २००९ मध्येच ड्राफ्ट केलेलं.

या घाईत पोरांचाही हिशोब असतो. एप्रिलमध्ये सही केली तरी ते अख्खं वर्ष करारातून वजा होतं. मकारच्या तीन वर्षांच्या पहिल्या करारातलं पहिलं वर्ष दहा प्लेऑफ मॅचेसमध्ये संपलं, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात तो वर्षाला ९० लाख डॉलर्सच्या सहा वर्षांच्या कराराला मोकळा झाला. पुढच्याच वर्षी त्यानं स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, आणून दिला, तेव्हा कुणी पैशांचं बोललं नाही.

मला खटकतं ते वेगळंच. ज्याला ड्राफ्टमध्ये कुणीच निवडलं नाही, असा पोरगा चार वर्षं कॉलेजात घाम गाळतो, मार्चअखेर कुठला तरी क्लब त्याला बोलावतो. तो साखळीच्या शेवटच्या चार-पाच मॅचेस खेळतो, छान खेळतो, आणि प्लेऑफ सुरू झाले की सूट घालून वर प्रेक्षकांत बसतो. मुदतीच्या दिवशी त्याचं नाव कुणाच्याच यादीत नव्हतं ना. अठराव्या वर्षी तू कुणाच्या नजरेत भरलास, त्यावर बाविसाव्या वर्षीचा एप्रिल ठरतो. निनादला हे ठीक वाटतं. "नियम म्हणजे नियम, बाबा." वकील होणार बहुतेक.

आणि नियम तरी कसला नियम? २०२० मध्ये कोविडनंतर उन्हाळ्यात स्पर्धा पुन्हा सुरू झाली, तेव्हा लीगनं सांगून टाकलं की आता नव्यानं सही करणारे यंदा खेळणार नाहीत. किरिल काप्रिझोव्हचं नाव मिनेसोटाच्या क्लबच्या यादीत २०१५ पासून होतं. त्यानं जुलैमध्ये सही केली, वर्ष वजा झालं, खेळायला मात्र मिळालं नाही. न्यूयॉर्क आयलँडर्स क्लबचा गोलकीपर इल्या सोरोकिन तर टीमबरोबर सराव करत होता, मॅच आली की बाजूला. पुढच्या मोसमात काप्रिझोव्ह सर्वोत्तम नवोदित ठरला.

आता मुदतीचा दिवस आमच्या घरी सणासारखा असतो. न्यूयॉर्कचे ३ म्हणजे आमच्याकडे दुपारचा १. मी जेवणाची सुट्टी तेव्हाच घेतो. २०२५ पर्यंत त्या दिवशी काही तरुण खेळाडू सकाळी खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये पाठवले जायचे आणि संध्याकाळी परत वर यायचे. प्रत्यक्षात बॅगही भरायचे नाहीत, कागदावरचा प्रवास. त्या वेळी नाव खालच्या यादीत असलं, तरच पुढे तिथल्या प्लेऑफमध्ये खेळता यायचं, म्हणून हा खटाटोप.

२०२५ मध्ये निनाद १७ चा होता. त्या वर्षी मुदतीच्या दिवशी १ वाजून ५ मिनिटांनी शाळेतून त्याचा मेसेज आला: "बाबा, आपले दोघं खाली गेले. कागदावर. घाबरू नका." मी तो तसाच मामांना पुण्याला पाठवला. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. सकाळी त्यांचं उत्तर आलं होतं: "शाई कुठली?"