आजोळच्या लक्ष्मीवर तिरका उजेड

आजोळी, साताऱ्याला, माजघराच्या भिंतीवर कमळात उभी असलेली लक्ष्मी आहे. हे राजा रविवर्म्याच्या हातचं तैलचित्र, असं पणजोबांपासून सगळे सांगत आलेले. अंगावर कॅनव्हासची वीण दिसते, वर वॉर्निशची झाक. शंका यावी कशाला? गेल्या दिवाळीत काच तडकली म्हणून मामाने चौकट उतरवली. म्हटलं, नवी काच बसण्याआधी एकदा नीट बघून घेऊ.

समोरून बॅटरी मारून काही कळेना. मग खोली अंधारी केली आणि बॅटरी चित्राच्या कडेला, अगदी आडवी धरली. वीण उठून आली, पण सगळीकडे सारखीच! गालावर जशी, तशीच पाण्यावर, तशीच हत्तीच्या सोंडेवर. हाताने रंगवलेल्या चित्रात असं होत नाही. कांतीवर रंग पातळ पसरलेला असतो, दागिन्याच्या चमकेवर दाट टेकवलेला; तो उंचवटा आपली बारीक सावली पाडतो. आमच्या लक्ष्मीच्या एकाही मोत्याला सावली नव्हती.

भिंगातून गालाची गुलाबी छटा बघितली तर नुसते रंगीत ठिपके. म्हणजे ओलिओग्राफ, तैलचित्रासारखी दिसणारी छापील प्रत. एकेका रंगासाठी छपाईचा वेगळा दगड, छपाईवर छपाई, आणि तैलचित्र वाटावं म्हणून शेवटी वॉर्निश नि विणीचा ठसा. खालची पट्टी काढल्यावर इंग्रजी अक्षरंही सापडली : रविवर्मा प्रेस, मळवली. 1894 साली मुंबईत निघालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला होता.

मामा कितीतरी वेळ बोललाच नाही. मलाही फार वाईट वाटलं, उगीच उघडलं असं झालं. पण त्या चित्राला खोटं म्हणायला मी तयार नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी साध्या घरात लक्ष्मी आली ती या छापखान्यामुळेच.

जानेवारीत मामाला बडोद्याला नेलं, महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात. रविवर्म्याच्या मूळ चित्रांपुढे तो आधी हात जोडून उभा राहिला. मग मी त्याला एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे सरकायला सांगितलं. आपण हललो की जरीवरची चमक हलते, रंगाचे कंगोरे उजेड धरतात नि सोडतात. छापील प्रतीत हे कुठून येणार? मामा एका काठापाशी वाकला आणि हलकेच म्हणाला, "इथं बघ, इथं कुंचला टेकवून उचललाय त्यानं."

परत आल्यावर त्याने चौकट नव्याने करून घेतली. खालची पट्टी अरुंद ठेवायला सांगितली, मळवलीची ओळ दिसेल अशी.