खेकड्यांना कसली आलीय थंडी?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. हिवाळा लागला की घरी येणारं प्रत्येक माणूस माजघरातल्या माझ्या हर्मिट क्रॅबच्या, म्हणजे रिकाम्या शंखात राहणाऱ्या जमिनीवरच्या खेकड्यांच्या, काचेच्या पेटीपुढे थांबतं, मागच्या काचेला चिकटवलेल्या, विजेवर तापणाऱ्या काळ्या चटईला हात लावून बघतं आणि म्हणतं, "खेकड्यांना कसली आलीय थंडी?" चटई गरम लागली की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग वरून एक पिवळा बल्ब सोडायचा की, कोंबडीच्या पिल्लांना सोडतात तसा." मागच्या आठवड्यात एकाच दिवशी तिघांनी हे विचारलं. तिसऱ्याला उत्तर न देता मी उठून आत गेले. ते बरं केलं नाही.

हर्मिट क्रॅब म्हणजे काय, ते शंखातच का राहतात, चावतात का, हे तुम्ही सगळे आधीच विचारून झाला आहात. ते सोडते आणि थंडीकडे येते.

ओढ्यातला खेकडा इथलाच. थंडी वाढली की तो बिळात जातो, खाली पाणी असतं, त्याचं भागतं. माझे खेकडे उष्ण किनाऱ्यावरचे. किनाऱ्यावर हिवाळ्यातही रात्र आपल्याइतकी गार होत नाही आणि हवा दमट असते. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत पहाटे इथे १२-१३ अंश असतात आणि पूर्वेकडून कोरडं वारं सुटतं. ओठ फुटतात, टाचा भेगाळतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. या खेकड्यांना २४ ते २८ अंश ऊब लागते आणि हवेत ८० टक्क्यांच्या आसपास दमटपणा. हे लाड नव्हेत. ते कल्ल्यांनी श्वास घेतात, आणि कल्ले ओले असतील तोवरच हवेतला प्राणवायू आत जातो. कोरड्या हवेत ते हळूहळू गुदमरतात. तडफडत नाहीत, आवाज करत नाहीत, नुसते शंखात मागे सरकून बसतात. बघणाऱ्याला वाटतं, झोपलेत.

आता बल्ब. १५ अंशाची हवा पाणी न घालता २७ अंशांवर नेली, तर तिचा सापेक्ष दमटपणा, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावेल त्याच्या किती टक्के वाफ आहे तो आकडा, निम्म्याहूनही खाली येतो. ६० टक्के असेल तर २९-३० उरतो. बल्ब वरून हवा तापवतो, जाळीच्या झाकणातून वाफ निघून जाते आणि खाली वाळूचा वरचा थर वाळत जातो. कोंबडीच्या पिल्लाला कोरडी ऊब चालते, कारण त्याला फुफ्फुसं आहेत. एवढंच उत्तर आहे. पण हे उत्तर देताना माझा आवाज चढतो, आणि तो तुमच्यामुळे चढत नाही. बल्ब मी स्वतः लावला होता.

पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. चार खेकडे होते: काळू, ठोंब्या, बारकी आणि शेवंती. ज्या दुकानातून आणले, तिथल्या माणसाने सांगितलं होतं, पेटीखाली गरम चटई अंथरा, वर साठचा बल्ब सोडा, काही होत नाही. मी तसंच केलं. काचेला आतून तापमान आणि दमटपणा दाखवणारा एक काटा चिकटवला होता. २८ अंश आणि ८० टक्के. रोज उठल्याबरोबर मी तो बघायची आणि समाधानाने कामाला लागायची. काटा चिकटवला होता बल्बच्या जवळ, वरच्या कोपऱ्यात. हे मी कित्येक दिवस पाहत होते आणि मला ते दिसत नव्हतं.

डिसेंबरच्या शेवटी शेवंती वाळूत गेली. खेकडा कात टाकायचा असला की आधी भरपूर खातो, पाणी पितो आणि मग खाली शिरून स्वतःपुरती एक खोली कोरतो. जुनं कवच सोडतो, नवं कडक होईपर्यंत तिथेच पडून राहतो आणि सोडलेलं कवचच खातो, कारण चुना त्यातच असतो. लहान खेकड्याला तीन-चार आठवडे लागतात, मोठ्याला दोन महिने किंवा त्याहून जास्त. एवढे दिवस त्याला हलवायचं नसतं. मी हलवलंही नाही. शेवंती थेट तळापर्यंत गेली होती. खालच्या कोपऱ्यातल्या काचेतून तिच्या खोलीची एक बाजू दिसायची, आठ आण्याच्या नाण्याएवढी. त्यात कधी पाय दिसायचा, तांबूस, टोकाला काळसर.

मकर संक्रांतीच्या दोन-तीन दिवस आधी थंडीचा कडाका वाढला. मी पेटीभोवती वाकळ गुंडाळली आणि बल्ब खाली ओढला. आई म्हणाली, "काय करूलालीस गं एवढ्या रात्री?" मी म्हटलं, "शेवंतीला गारठा लागेल." चटई चालूच होती. तिच्यावर थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या उबेला चटई आपोआप चालू-बंद करणारा खटका, नव्हता. थर्मोस्टॅट असतो हेच मला माहीत नव्हतं. शेवंती त्या चटईच्या बरोबर वर होती, मध्ये फक्त काच.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला बायका आल्या आणि एकीने नाकाला पदर लावला. मला आधी वाटलं, शेजारी सुके बोंबील भाजताहेत. संध्याकाळी पेटीचं झाकण उघडलं तेव्हा कळलं. काचेतून बघितलं तर खोली राहिली नव्हती. वाळू कोरडी होऊन ढासळली होती.

चमच्याने उकरलं. वरची दोन बोटं वाळू कोरडी, मधली ओलसर, आणि तळाची पुन्हा कोरडी, हाताला चांगलीच गरम. आईचा दुधात घालायचा थर्मामीटर आणून खुपसला. ३९ अंश. शेवंती जुन्या कवचातून अर्धी बाहेर आली होती. नवी नांगी दुधावरच्या सायीसारखी पांढरी आणि मऊ, तिला वाळूचे कण चिकटलेले. जुनं कवच तसंच, एक तुकडाही खाल्लेला नव्हता. म्हणजे ती कात टाकतानाच गेली. तेव्हा वरचा काटा २८ दाखवत होता.

त्या रात्री मी जेवले नाही. घरात कुणी काही बोललं नाही, एका खेकड्यासाठी एवढं काय, असंही कुणी म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी आप्पा पेटीजवळ येऊन बसले. आमचं घर बेळगावातल्या वडगावचं, विणकरांचं. आजोबांचा खड्डामाग होता, आप्पांनी पुढे पॉवरलूम घातले. त्यांनी वाळू चिमटीत घेऊन चोळली आणि विचारलं, "थंडीत ताणा तुटायला लागला की आम्ही शेडात शेगडी आणतो काय गं? खाली पाणी मारतो." मग म्हणाले, "तुझा आजा पाय खड्ड्यात सोडून बसायचा. खड्ड्याला ओल असायची, सूत तुटायचं नाही." एवढं बोलून ते गेले. मी त्या घरात जन्मले. हिवाळ्यात फरशीवर पाणी मारलेलं लहानपणापासून बघितलं. तरी मला ते सुचलं नाही.

मग एकेक गोष्ट बदलली. आधी काटा तपासला. बाटलीच्या बुचात मीठ घेतलं, थेंबभर पाण्याने ओलं केलं, काट्यासकट हवाबंद पिशवीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी आत ७५ टक्के दिसायला हवं. माझ्या काट्याने ८८ दाखवलं. म्हणजे ज्या ८० वर मी निश्चिंत होते, ते खरे ६७ होते. तेही वरच्या कोपऱ्यातले.

आता चटई मागच्या काचेवर आहे, बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर. ती हवा तापवते, वाळूत गेलेल्याला धग लागत नाही. तिच्यावर थर्माकोल लावलंय, म्हणजे ऊब खोलीत न जाता पेटीत जाते. थर्माकोल लावलं की चटई जास्त तापते, म्हणून थर्मोस्टॅट हवाच. तो २७ वर आहे आणि त्याची तार आत मधल्या उंचीवर सोडलीय. झाकण जाळीचं काढून काचेचं केलं. वाळूत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळलं, मूठ दाबली तर लाडवासारखी वळेल आणि पाणी गळणार नाही इतकं ओलं. हा थर आठ इंच खोल. पाण्याच्या दोन वाट्या, एक गोड्या पाण्याची, एक खाऱ्या, आणि दोन्हींतलं क्लोरीन काढलेलं. खारं पाणी स्वयंपाकाच्या मिठाचं नाही, समुद्री मासे पाळणाऱ्यांना मिळतं त्या मिठाचं.

दिवा आहे, पण ऊब देण्यासाठी नाही. पाच वॉटची एलईडी पट्टी, सकाळी सातला लागते, संध्याकाळी सातला बंद होते. हे निशाचर प्राणी आहेत, अंधार झाल्याशिवाय हिंडत नाहीत. त्यांना दिवस कधी संपला हे कळावं, एवढंच तिचं काम. रात्री लाल दिवा लावा असं मला अनेकांनी सांगितलं, मी लावत नाही. त्यांना अंधार हवा असतो. तुम्ही रात्री येऊन मोबाईलचा टॉर्च मारता, तेव्हा मी हात आडवा घालते ते यासाठी.

विजेचं बिल विचारणाऱ्यांसाठी: चटई १४ वॉटची. चोवीस तास सलग चालली तरी दिवसाला ०.३४ युनिट, महिन्याला दहा. थर्मोस्टॅटमुळे तेवढी चालतच नाही. साठचा बल्ब रात्रंदिवस ठेवला तर महिन्याला ४३ युनिट होतात. आणि हो, जुलैतही चटई चालू असते. आपल्या पावसात हवा दमट असते, पण गार. तेव्हा उलटी काळजी: काचेवरचं पाणी ओघळून तळाशी साठतं, वाळू आंबते, बुरशी धरते. मग झाकण रोज थोडा वेळ किलकिलं ठेवते. वीज गेली की वाकळ आहे, आणि टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. वाकळ मी टाकून दिली नाही.

कधीकधी त्या पहिल्या हिवाळ्यातल्या माझ्याशी मी मनात भांडते. सांगते, काटा खाली लाव, चटई काढ, बल्ब बंद कर. ती ऐकत नाही. तिच्यापुढे २८ आणि ८० लिहिलेलं असतं आणि तिला वाटतं, आपण फार जपतोय. ती खरंच जपत होती. तिला निष्काळजी म्हणता आलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

तुमच्यातला एक प्रश्न मात्र असा आहे की मला त्यावर आवाज चढवता येत नाही. "मग आणलेच कशाला?" मार्चमध्ये शेजारच्या मुलीने विचारलं, सहावीतली. या प्राण्यांची वीण घरात सहसा होत नाही, त्यांची अंडी समुद्रात सोडली जातात, पिल्लं आधी पाण्यात तरंगतात. म्हणजे दुकानात दिसतो तो जवळपास प्रत्येक खेकडा कुठल्या तरी किनाऱ्यावरून उचललेला असतो. हे मला आणताना माहीत नव्हतं, असं मी तिला सांगितलं. ते खरं आहे. पण नंतर कळल्यावरही मी ते ठेवून घेतले. घाट उतरून समुद्रावर सोडून यावं, असं आई म्हणते. ते नेमके कुठल्या किनाऱ्याचे, हे मला ठाऊक नाही. परक्या किनाऱ्यावर सोडून तिथल्यांना रोग द्यायचा का, असं मी म्हणते. ती म्हणते, "तुला सोडवत नाही, खरं तसं म्हण की." आम्ही दोघी यावर थांबतो. नवीन खेकडा मी आणणार नाही, एवढं ठरलंय. आणि तुम्हाला कुठून आणायचा, हेही सांगणार नाही.

२ डिसेंबरला बारकी वाळूत गेली. आज सात आठवडे झाले. या वेळी ती काचेपासून लांब गेलीय, काहीच दिसत नाही. रोज रात्री झाकण सरकवून वास घेते: ओल्या मातीचा येतो. आप्पा विचारतात, "काय म्हणतंय?" मी काटा वाचून सांगते. २६, ८२. उकरून बघू का, असं काल ठोंब्याच्या पाण्याची वाटी बदलताना मनात आलं, चमचा हातात होता. तो स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.