बेदाण्याची प्रत साखळीला कोण सांगणार?

तासगावचे एक अडते माझ्याकडे आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. दिल्लीचा नवा व्यापारी आधी पैसे सोडायला तयार नव्हता, आणि आधीच्या उधाऱ्यांनी पोळलेले अण्णा पैशांशिवाय गाडी भरायला. "ब्लॉकचेनवर पैसे आधीच अडकवून ठेवता येतात म्हणं. तेवढं करून द्या की."

येतात. ब्लॉकचेन, म्हणजे साखळी, ही अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेली नोंदवही. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे त्या साखळीवर चालणारा प्रोग्रॅम. व्यापाऱ्याने त्यात रक्कम ठेवायची, अट पुरी झाली की ती अण्णांची, मुदत टळली तर परत त्याची. मध्ये कुणाला हात घालता येत नाही.

अट काय, हे ठरवायला आम्ही कोल्ड स्टोरेजमध्ये गेलो. व्यापाऱ्याचा दलालही आला होता. हमालाने एक पेटी फोडली. दलालाने दाणा दाबला, तो बोटाला चिकटला. "ओल आहे, आणि रंगही मारलाय." अण्णांनी त्याच पेटीतली मूठ उजेडात धरली. "ह्यापेक्षा हिरवा माल तालुक्यात दाखवा!" दोघेही मनापासून बोलत होते.

माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला. प्रोग्रॅमला तारीख कळते, सही कळते, टोकन, म्हणजे साखळीवरचं डिजिटल नाणं, आलं की नाही तेही कळतं. बेदाणा कळत नाही. ते त्याला बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं, आणि मग सगळा भरवसा त्या सांगणाऱ्यावर येतो. असा माणूस दोघांना मान्य असेल तर बँकेचं एस्क्रो खातं पुरतं, म्हणजे अट पुरी होईपर्यंत पैसे बँकेने धरून ठेवायचे. शिवाय आपला रुपया त्या साखळीवर नाही. क्रिप्टोत व्यवहार करायचा तर 2022 पासून एक टक्का टीडीएस आणि नफ्यावर 30 टक्के कर. आणि कोडमधली चूक फार महाग पडते: 2016 मध्ये इथेरियम नावाच्या साखळीवरच्या 'द डाओ' या सामूहिक निधीच्या कोडमधल्या फटीतून सुमारे 36 लाख इथर (त्या साखळीचं चलन) निघून गेले, ते परत मिळवायला अख्खी इथेरियम साखळी दुभंगली.

एक टोकन देऊन दुसरं घ्यायचं असेल, दोन्ही साखळीवरच असतील, माणसं दोन देशांतली आणि सामाईक कोर्ट-बँक नसेल, तर मी हेच तंत्र सुचवेन. दोन्ही बाजू एकदम सरकतात, नाहीतर एकही नाही. आधी कुणी द्यायचं हा वादच उरत नाही. अण्णांचा व्यापारी मात्र याच देशातला, त्याचा चेक वटला नाही तर कोर्टात खेचता येतो.

मी एस्क्रोचा मसुदा करून दिला: गाडी भरण्याआधी नमुन्याच्या पेटीला दोघांचं सील, तपासणारा दोघांच्या पसंतीचा, त्याची फी निम्मी-निम्मी, त्याच्या लेखी अहवालावर बँक पैसे सोडणार. तपासणाऱ्याच्या नावावर मात्र अण्णा आणि दलाल संध्याकाळपर्यंत भांडत होते.